आधी टप बघ, मग इंजिन

तू परवा पाठवलेला फोटो मी चष्मा पुसून दोनदा बघितला. गवत पुढच्या बंपरपर्यंत वाढलेलं, गाडीची मागची बाजू खाली बसलेली, पलीकडे मक्याचं शेत. १९७५ची जीएमसी मोटारहोम, २६ फुटी. "मामा, ११ वर्षं जागची हललेली नाही म्हणे, पण मालक जवळजवळ फुकटात देतोय. घेऊ का?" फोटो बघून हो किंवा नाही मी सांगणार नाही. कशावरून ठरवायचं ते सांगतो. त्यातलं निम्मं मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मिस्त्रींनी शिकवलं, निम्मं इथल्या, मिशिगनच्या हिवाळ्यांनी.

मिस्त्रींच्या गॅरेजात जुने ट्रक यायचे. घेणारा माणूस आधी इंजिन चालू करायला लावायचा आणि आवाज ऐकून खूश व्हायचा. मिस्त्री तोपर्यंत हातोडी घेऊन गाडीखाली शिरलेले असायचे. पुढून मागेपर्यंत चासीवर ठोकत जायचे, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. लोखंड शाबूत असेल तर खणखणीत वाजतं. आतून गंजाचे पापुद्रे सुटले असतील तर बद्द आवाज येतो, आणि तो एकदा ऐकलास की पुन्हा कधी विसरणार नाहीस. मला ते सांगायचे, झिजलेलं असेल तर घ्यावं, कुजलेलं असेल तर हात लावू नये. पिस्टन, बेअरिंग, ब्रेक, कार्बोरेटर ही सगळी झीज. ती मोजता येते, सुटा भाग आणून बदलता येते. कूज कुठे सुरू झाली ते दिसतं, पण कुठे संपते ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून कुजलेल्या गाडीचा खर्च कुणालाही आधी सांगता येत नाही.

हे सगळं शिकूनही १९८८ साली मी फसलो. ती गाडी वेगळ्या बनावटीची होती, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली. चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी तिथेच भुललो. घरी आणली, अख्खा हिवाळा आम्ही दोघांनी गाद्या आणि पडदे शिवण्यात घालवला. वसंतात जेवणाच्या टेबलावरच्या खिडकीचा एक स्क्रू सैल वाटला म्हणून पिळायला गेलो, तर तो बोटांनीच बाहेर आला. त्याच्या आट्यांमध्ये काळं, ओलं काहीतरी अडकलं होतं, चहाच्या चोथ्यासारखं. ते लाकूड होतं. आतला पत्रा काढला तर खिडकीखालचा उभा खांब बोटाने दाबला की चुरत होता, आणि तशीच ओल थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली. बाहेरचा रंग मात्र चकचकीत. इंजिन विकलं, बाकीची गाडी भंगारात गेली. तुझ्या मामीने शिवलेले पडदे अजून आमच्या तळघरात आहेत.

आता तुझ्या गाडीबद्दल. जीएमसी म्हटल्यावर मला थोडी आशा वाटते, आणि ती का ते नीट समजून घे. या गाड्या आपल्याकडेच, पॉन्टिअ‍ॅकमध्ये, १९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत तयार झाल्या. सगळ्या मिळून जेमतेम १३ हजार. त्या काळातल्या बऱ्याच मोटारहोम म्हणजे ट्रकच्या चासीवर ठेवलेली लाकडी खोली. ही तशी नाही. हिचा वरचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, अंगावर अ‍ॅल्युमिनियम आणि फायबरग्लास. इंजिन आणि गिअर ओल्ड्समोबाइल टोरोनॅडोचे, पुढची चाकं ओढणारे, त्यामुळे मागे जाणारा शाफ्टच नाही आणि जमीन इतकी खाली की म्हाताऱ्या माणसालाही सहज चढता येतं. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये हवेची पिशवी. फोटोत मागची बाजू बसलेली दिसते ती बहुधा पिशवीतली हवा गेल्यामुळे. त्याने घाबरू नकोस, ती झीज आहे. या गाडीवर जीव लावणारे लोक अजून आहेत, त्यामुळे सुटे भागही मिळतात.

पण भिंती कुजत नाहीत म्हणजे गाडी कुजत नाही असं नाही. पायाखालची जमीन प्लायवूडची आहे आणि तिच्याखाली पोलादी चासी. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. गाडी ११ वर्षं उभी आहे हे मालकाने सांगितलं, त्याआधी ती हिवाळ्यात चालायची का, हे तू विचार.

बघायला जाशील ते पाऊस पडून गेल्यावर. ऊन पडलेल्या दुपारी गळकी गाडीसुद्धा कोरडी दिसते. दार उघडल्यावर आधी काही बोलू नकोस, वास घे. ओलीचा वास, बुरशीचा वास, उंदरांचा वास, तिन्ही वेगवेगळे. उंदरांचा आला तर बाहेर ये आणि मास्क लावल्याशिवाय पुन्हा आत जाऊ नकोस. इथल्या हरीण-उंदरांच्या लेंड्यांतून हंटाव्हायरस पसरतो. कोरडी झाडू मारायची नाही, व्हॅक्यूमही नाही. ब्लीच घातलेल्या पाण्याने भिजवायचं, थांबायचं आणि हातमोजे घालून पुसून घ्यायचं.

मग शिडी लाव आणि टप बघ. टपावर एसी असेल तर तो १४ इंची चौकोनी भोकावर बसवलेला असतो, मध्ये नुसती स्पंजची गॅस्केट. वर्षानुवर्षं दबून ती पापडासारखी होते आणि एसीभोवती पाणी साचलं की थेट आत उतरतं. टपावर तीन-चार वेगवेगळ्या रंगांचं सीलंट दिसलं तर समज, आधीचे मालकही गळतीला कंटाळले होते. आत येऊन त्याच जागेच्या खाली छताला हात लाव. डाग वाळलेला असू शकतो, पण फुगवटा हाताला लागतो.

जमिनीसाठी टोच्या घेऊन जा. मधल्या वाटेवर टोचून काही कळणार नाही, तिथे सगळ्यांचंच प्लायवूड घट्ट असतं. दाराच्या आतली पायरी, न्हाणीघराचा कोपरा, सिंकखालचं कपाट, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा आणि प्रत्येक खिडकीच्या खालचा कोपरा, इथे टोच. टोच्या आत शिरायला नकार देत असेल तर ठीक. लोण्यात सुरी जावी तसा गेला तर त्या जागेभोवती खडूने गोल काढ आणि गोल कुठवर जातो ते बघ. एक-दोन जागा असतील तर तेवढं प्लायवूड कापून नवं बसवता येतं. गोल एकमेकांना मिळायला लागले तर गाडीखाली शिरायचीही गरज नाही, घरी ये.

चासीचं हातोडीचं मी वर सांगितलंच. मागच्या चाकांची ब्रॅकेट जिथे चासीला जोडली आहेत तिथे सावकाश ठोक. आणि एक गोष्ट शपथ घालून सांगतो, त्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जायचं नाही. हवेच्या पिशवीच्या भरवशावर तर मुळीच नाही. खाली स्टँड लावल्याशिवाय आत हातसुद्धा घालायचा नाही.

इंजिनाबद्दल सगळ्यात कमी लिहितो, कारण त्याची काळजी सगळ्यात कमी आहे. तुझ्या गाडीत ४५५ घनइंचाचं, म्हणजे साडेसात लिटरचं इंजिन आहे. राक्षसी, पण साधं. मालक म्हणाला "चालू करून दाखवतो", तर हात जोडून नको म्हण. इतकी वर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरांवर स्टार्टर मारला की चांगलं इंजिनही खराब होतं. डिपस्टिक ओढून बघ. ऑइल काळं असेल तर चालेल, ताकासारखं असेल तर त्यात पाणी गेलंय. गाडी घेतलीच, तर आठही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडायचं, दोन दिवस मुरू द्यायचं आणि मग पाना लावून हाताने फिरवायचं. फिरलं की अर्धं काम झालं. टाकीतलं पेट्रोल जुन्या व्हार्निशसारखं वास मारत असेल, ते सगळं काढून टाकायचं. आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या एकही न ठेवता बदलायच्या. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं. या गाडीचं इंजिन दोन पुढच्या सीटांच्या मधल्या झाकणाखाली आहे. तिथे नळी ठिबकली तर आग तुमच्या मांडीजवळ लागेल.

टायर दिसायला कितीही चांगले असोत, बाजूवरचा डीओटी आकडा वाच. शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष, "०८०९" म्हणजे २००९चा आठवा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २०००च्या आधीचे. तसेही ते बदलायचेच आहेत, सहा चाकं आणि सातवं स्टेपनी. मात्र एक लक्षात ठेव, हिची मूळ रिम साडेसोळा इंची असते. त्या मापाचे टायर आता सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून कुणीतरी १६ इंची टायर त्याच रिमवर चढवून देतो म्हणेल. चढवू देऊ नकोस. हवा भरताना असा टायर फुटून माणसं मेली आहेत. रिमसकट १६ इंची करून घ्यायचं, आणि तो खर्च आत्ताच धरायचा.

ब्रेक पूर्ण नवे करायचे, यात घासाघीस नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा मागचे ड्रम उघडल्यावर धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. फ्रिजच्या मागच्या बाजूला पिवळी पूड दिसली तर त्याचं कूलिंग युनिट गेलं, तो बदलावा लागेल. शेगडी पेटवून बघू नकोस. गॅसची लाइन तपासल्याशिवाय काडी ओढायची नाही.

कागद मात्र गाडीआधी बघ. टायटल मालकाच्या नावावर आहे का, त्यावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का. "आजोबांच्या नावावर आहे, पण ते गेले" असं म्हणाला तर आधी ते त्याने निस्तरायचं, पैसे नंतर.

पैशाचं म्हणशील तर टो करून आणणं, टायर-रिम, ब्रेक, पेट्रोलची लाइन, हवेच्या पिशव्या आणि टपाचं सीलंट एवढंच कागदावर मांड. गाद्या, पडदे, रंग यातलं काही लिहू नकोस. त्या बेरजेत गाडीची किंमत मिळव आणि मग चालू स्थितीतली, नीट ठेवलेली अशीच गाडी कितीला मिळते ते शोध. खूपदा दुसऱ्याने जीव ओतून केलेली गाडीच स्वस्त पडते, आणि तसं असेल तर ती घेण्यात कमीपणा नाही. पेट्रोल गॅलनला आठ-दहा मैल जाईल हेही जावईबापूंना आत्ताच सांग. तुमच्या सोसायटीत दारात मोटारहोम उभी करू देतात का ते विचार. नसतील देत, तर छप्पर असलेली जागा ठरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. उघड्यावर आणखी एक हिवाळा काढला तर आज जी झीज आहे तिची कूज होईल.

मी आणि मामी अशाच एका २६ फुटी जीएमसीतून किती हिंडलो ते तुला ठाऊक आहे. लेक सुपिरिअरच्या काठावर सकाळी सहाला पोह्यांना फोडणी घातली की शेजारच्या गाडीतली माणसं वास घेत यायची. तुम्हालाही तसे दिवस मिळावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून तर एवढं लिहितोय.

रविवारी पाऊस सांगितलाय. सोमवारी सकाळी हातोडी, टोच्या आणि खडू घेऊन मी येतो. तू जुने कपडे घालून ये, शिडी आण आणि चेकबुक घरी ठेव.