डेटाबेसची सेटिंग बदलताना : निकालाच्या दिवशी मिळालेला धडा



नाशिकमधल्या एका शाळेत संगणक शिकवताना आलेला हा अनुभव. निकाल ऑनलाइन लावला होता. अकरा वाजता सगळ्यांनी एकदम पान उघडलं आणि बहुतेकांना 'टू मेनी कनेक्शन्स' एवढाच संदेश दिसला. एक वडील तर पेठहून एसटीने थेट शाळेत आले. मुलीचा निकाल मोबाईलवर उघडतच नव्हता. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

पॅरामीटर म्हणजे काय?

आमचा डेटाबेस मायएसक्यूएल ८.०. एका वेळी किती जोडण्या घ्यायच्या, मेमरी किती वापरायची, हे ठरवणाऱ्या सेटिंगला पॅरामीटर म्हणतात. 'मॅक्स_कनेक्शन्स' ची मूळ किंमत १५१ असते. प्रशासकासाठी आणखी एक जागा राखीव असते, म्हणूनच त्या गर्दीत मला आत शिरता आलं.

बदल किती काळ टिकतो?

शाळेच्या वेळापत्रकाशी ताडून बघा.

१. सेट सेशन : एका वर्गाने आजचा तास बदलला. बदल फक्त त्या जोडणीपुरता. (मॅक्स_कनेक्शन्स मात्र असा बदलता येत नाही.)
२. सेट ग्लोबल : सूचनाफलकावर खडूने लिहिलं. सगळ्यांना लागू, पण सर्व्हर बंद झाला की पुसलं.
३. सेट पर्सिस्ट : छापील वेळापत्रकच बदललं. आत्ताही लागू आणि रीस्टार्टनंतरही कायम. ही सोय ८.० पासून आहे. त्याआधी कॉन्फिगरेशन फाईलमध्येच लिहावं लागे.

मी घाईत 'सेट ग्लोबल मॅक्स_कनेक्शन्स = ३००' दिलं. निकाल दिसू लागला, मी निश्चिंत! रात्री वीज गेली. सकाळी सर्व्हर सुरू झाला तो पुन्हा १५१ वर, आणि पुन्हा तेच फोन.

आकडा वाढवला की झालं का?

नाही. प्रत्येक जोडणी मेमरी खाते, त्यामुळे आकडा वाटेल तेवढा वाढवता येत नाही. 'शो प्रोसेसलिस्ट' देऊन पाहिलं तर बहुतेक जोडण्या 'स्लीप' अवस्थेत. आमचा प्रोग्राम काम संपल्यावर जोडणी बंदच करत नव्हता! अशी रिकामी जोडणी किती वेळ ठेवायची ते 'वेट_टाइमआउट' ठरवतो. त्याची मूळ किंमत २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास. ती ३०० सेकंद केली, प्रोग्रामही दुरुस्त केला, आणि या वेळी सेट पर्सिस्ट वापरलं.

एक गंमत : असा बदल नव्या जोडण्यांनाच लागतो. म्हणून तपासताना 'शो ग्लोबल व्हेरिएबल्स' वापरा, नाहीतर स्वतःच्या खिडकीत जुनाच आकडा दिसून गोंधळ होतो.

लक्षात ठेवा

- जुनी किंमत, तारीख आणि कारण वहीत लिहा.
- एका वेळी एकच पॅरामीटर बदला.
- सुट्टीच्या दिवशी सर्व्हर रीस्टार्ट करून बदल टिकतो का ते बघा.

स्वाध्याय : सरावाच्या संगणकावर मॅक्स_कनेक्शन्स आधी सेट ग्लोबलने, मग सेट पर्सिस्टने बदला. दोन्ही वेळा रीस्टार्ट करून आकडा लिहून ठेवा. मुलांकडूनही करून घ्या. फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाहीत.

(आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाकाव्यात.)