‘तुम्हाला हे कसं कळलं?’

पालकहो,

मागच्या महिन्यात शाळा सुटताना एका वडिलांनी मला फाटकाशी थांबवलं. चेहऱ्यावर राग होता, पण बोलणं संयमाचं. म्हणाले, ‘मॅडम, काल घरी पाहुणे होते. मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ मी त्यांना दाखवत होतो, तर पोरगी मध्येच म्हणाली, पप्पा, हे कधीचं आहे? कुणी काढलंय? तुम्हाला हे कसं कळलं? चार माणसांत मला खाली बघायला लागलं. हेच शिकवता का वर्गात?’

हो, हेच शिकवते. त्या वेळी मी एवढंच म्हणू शकले, कारण मागे एसटी उभी होती आणि मुलं चढत होती. पण त्यांचा प्रश्न साधा नव्हता, म्हणून आज तुम्हा सगळ्यांशी सविस्तर बोलते आहे.

आठवड्यातून एक तास आम्ही चालू घडामोडींवर बोलतो. पेपरात आलेलं, गावात घडलेलं, कट्ट्यावर ऐकलेलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. ‘दहावीचं वर्ष तोंडावर आलंय आणि शाळेत राजकारण?’ असं पालकसभेत एक आई म्हणाल्या होत्या. त्यांची काळजी खरी आहे. पण राजकारण शाळेत मी आणत नाही. ते मुलांबरोबर दप्तरातून येतं. फरक एवढाच की मधल्या सुट्टीत ते भांडण होऊन बसतं आणि वर्गात त्याची चर्चा होऊ शकते.

डिसेंबर 2023 तुम्हाला आठवत असेल. ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं होतं आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. आपल्या निफाड तालुक्यात हे वेगळं सांगायला नको. लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले. त्या आठवड्यात वर्गात शिकवणं शक्यच नव्हतं. निम्म्या मुलांचे वडील ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर होते. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, बोला.

पहिली दहा मिनिटं नुसता गलका. ‘सरकार आमच्या मुळावर उठलंय,’ ‘व्यापारीच चोर आहेत,’ ‘आमदार काय झोपलेत का?’ मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील वर्कशॉपमध्ये कामाला आहेत, भाड्याच्या खोलीत राहतात. ती म्हणाली, ‘आम्ही अर्धा किलो आणतो. महाग झाला की पाव किलो. स्वस्त झाला तर आमच्या आईला बरं वाटतं.’ मागून एका शेतकऱ्याच्या मुलाने मोठ्याने विचारलं, ‘तुम्ही कांदा विकत घेता?’

वर्ग हसला, पण तो मुलगा हसला नाही. त्याला खरंच नवल वाटलं होतं. त्याच्या घरी कांदा म्हणजे चाळीत, ओट्यावर, ट्रॉलीत, पायाखाली. आपल्याच बाकाच्या पुढे बसणारीच्या घरी तो पावशेराने येतो, हे त्याला चौदाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं. तिलाही त्या दिवशीच कळलं की त्याच्या वडिलांनी रोपांसाठी उसनवारी केली आहे आणि लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा महिनोन्‌महिने चाळीत ठेवता येत नाही. निघाला की विकावाच लागतो. बंदी 31 मार्चपर्यंत होती. तोवर तो कांदा थांबणार कुठे?

मी फळ्यावर तीन रकाने आखले: माहीत आहे, ऐकलं आहे, विचारायचं आहे. ‘व्यापारी चोर’ हे पहिल्या रकान्यात लिहायला एकजण उठला, तेव्हा वर्गानेच त्याला अडवलं, ‘तुला कसं कळलं?’ ते वाक्य दुसऱ्या रकान्यात गेलं. तास संपला तेव्हा पहिला रकाना जवळजवळ रिकामा होता आणि तिसरा फळ्याच्या खाली उतरला होता. पुढच्या चार दिवसांत मुलं बाजार समितीत जाऊन आली. कुणी हमालांशी बोललं, कुणी अडत्याशी, कुणी आपल्याच आजोबांशी. आमदारांवर चिडलेल्या मुलाने राज्यशास्त्राचं पुस्तक काढलं आणि मला म्हणाला, ‘मॅडम, शेती राज्यसूचीत आहे, पण परदेशी व्यापार केंद्रसूचीत. मग निवेदन कुणाला द्यायचं?’ या दोन सूच्या तो आधी परीक्षेत पाठ करून लिहून आला होता. त्याचे पुरे गुणही मिळाले होते.

बंदी पुढेही लांबली आणि मे 2024 मध्ये उठली. बंदी बरोबर की चूक, यावर वर्गाचं एकमत झालं नाही. मला ते करायचंही नव्हतं.

माझं मत काय, असं मुलं दरवेळी विचारतात. पूर्वी मी सांगून टाकायचे. एकदा तासाच्या सुरुवातीलाच सांगितलं आणि नंतर वह्या तपासायला घेतल्या, तर एकामागोमाग एका वहीत माझंच वाक्य, शब्दही न बदलता. इतकं वाईट मला नापास मुलांच्या वह्या पाहूनही कधी वाटलं नव्हतं. तेव्हापासून माझं मत मी माझ्यापाशी ठेवते. मुलांना बाईंच्या मतासारखं मत देणं फार सोपं जातं. तुमच्या मतासारखं देणंही.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जातं, पण सांगितल्याशिवाय हे बोलणं खरं होणार नाही.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं पाऊल उचलायला सांगितलं. मला फार आनंद झाला होता. जूनमध्ये शाळा उघडताच उत्साहाने मी हा विषय वर्गात घेतला. मुलं भराभरा बोलू लागली. कुणी म्हणालं रूढी आहे, कुणी म्हणालं आमच्याकडे असंच करतात. आणि खिडकीजवळच्या बाकावर एका मुलीने डोकं खाली ठेवलं, ते तास संपेपर्यंत वर उचललं नाही. तिचे वडील कोरोनात गेले होते. मला माहीत होतं. माहीत असून माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिची आई दारात तांदूळ निवडत होती. हातात बांगड्या नव्हत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘विषय काढला ते चांगलं केलं मॅडम. पण तिला आदल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. ती तयारीनं आली असती.’

समाजाचा प्रश्न म्हणून आपण फळ्यावर जे लिहितो, ते कुणाच्या तरी घरात रोज घडत असतं. तेव्हापासून विषय आदल्या आठवड्यात ठरतो आणि ज्या मुलांना तो लागू शकेल त्यांच्याशी मी आधी एकेकटं बोलते. पण मला सगळं कळत नाही. कर्ज, आजारपण, दारू, जातीवरून झालेला अपमान, यातलं कुणाच्या घरात काय चाललंय हे तुम्ही सांगितलंत तरच मला कळेल. पालकसभेत नको. फोन करा, नाहीतर शाळा सुटल्यावर या. ते माझ्याजवळच राहील.

काही जण म्हणतात, पोरं लहान आहेत, त्यांना काय कळतंय. 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. वय जेमतेम चौदा. म्हणजे आपल्या नववीतल्या पोरींएवढी. कुणीतरी तिला आधी बोलू दिलं असणार, आपल्या लोकांचं दुःख हाही शाळेत मांडायचा विषय आहे असं वाटू दिलं असणार. त्याशिवाय ती लेखणी उचलली गेली नसती. ते काम मला करायचं आहे, पण ते माझ्या एका तासात पुरं होत नाही. मूल घरी येऊन दुसऱ्या बाजूने बोललं की ‘गप बस, तुला काय कळतं’ हे वाक्य आपल्या तोंडी तयारच असतं. ते एवढं गिळून टाका. त्याच्याशी सहमत होऊ नका, हवं तर कडाडून वाद घाला, पण त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

फाटकाशी थांबलेल्या त्या वडिलांचंही एक म्हणणं बरोबर होतं. प्रश्न विचारायला मी शिकवलं, तो पाहुण्यांसमोर कसा विचारावा, हे शिकवायचं राहिलं. मुलीला मी ते बोलले. ती म्हणाली, ‘मग पाहुणे गेल्यावर विचारू?’ मी म्हटलं, विचार. पण विचार नक्की. मग तिनेच सांगितलं की रात्री पप्पांनी तो व्हिडिओ परत लावून बघितला होता. दोन वर्षांपूर्वीचा निघाला.

येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला मुलांनी स्वतः विषय निवडला आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. आपल्याकडे असं करावं का, यावर बोलायचं आहे. नियम फक्त मुलांना की मोठ्यांनाही, हा प्रश्न आत्ताच वहीत लिहिला गेलाय, आणि त्याचं उत्तर मुलांना माझ्याकडून नकोय. मागचे दोन बाक तुमच्यासाठी मोकळे ठेवले आहेत. अकरा वाजता या.