चित्रकथांतील वीरांचा वारसा

ज्या गोष्टींत नायक कधींच म्हातारा होत नाहीं, त्या गोष्टी मुलांना फार आवडतात. आणि तें स्वाभाविकहि आहे. १९३८ सालीं अमेरिकेंत प्रथम छापला गेलेला सुपरमॅन आजहि तिशीच्या आंतबाहेरचाच दिसतो. आपल्याकडील चिंटू १९९१ सालीं ‘सकाळ’ पत्रांत अवतरला. त्याच्या बरोबरीचीं मुलें मोठीं झालीं, त्यांचींहि मुलें शाळेंत जाऊं लागलीं, पण चिंटूची शाळा कांहीं संपली नाहीं. याचें कारण उघड आहे. चित्रकथेचा नायक हें नियतकालिकाचें भांडवल असतें; तो वृद्ध होऊन निवर्तला, तर पुढला अंक कोण घेणार? म्हणून प्रकाशक त्याचें वय थांबवून ठेवितात.

परंतु कांहीं थोड्या चित्रकथा अशा आहेत, कीं ज्यांत वीर थकतो, मरतो, आणि आपलें कार्य दुसऱ्याच्या हातीं सोंपवितो. प्रस्तुत लेखांत अशाच कथांचा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे. मोठा माणूस गेल्यावर त्याचें मागें काय उरतें, आणि तें कोणास मिळतें, हा प्रश्न चित्रांतल्या वीरांपुरता नाहीं. तो निरगुडसरांतील प्रत्येक घराचा आहे.

आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस ‘इंद्रजाल कॉमिक्स’ हें नांव आठवत असेल. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें मार्च १९६४ मध्यें हीं पुस्तकें सुरू केलीं, व १९९० पर्यंत तीं निघत राहिलीं. इंग्रजी व हिंदीप्रमाणें तीं मराठींतहि मिळत. त्यांतील मुख्य वीर ‘फँटम’. ली फॉक नांवाच्या अमेरिकन लेखकानें १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं तो वृत्तपत्रांत आणिला. मराठींत त्याचें नांव झालें ‘वेताळ’. नांव समर्पक खरें. शिवेवर शेंदूर लावलेला वेताळाचा दगड आपल्या भागांत कोणीं पाहिला नाहीं? रात्रीं फिरून गांवाची राखण करणारा तो वेताळ, अशी लोकांची जुनी समजूत. चित्रकथेंतील वेताळहि असाच अरण्याची राखण करतो, आणि तेथील लोक त्याला अमर समजतात.

तो अमर नाहीं, हेंच त्या कथेचें मर्म आहे. १५३६ सालीं एका गलबतावर चांच्यांनीं हल्ला केला. गलबताचा कप्तान मारला गेला. त्याचा तरुण मुलगा तेवढा वांचून किनाऱ्यास लागला. अरण्यांतील लोकांनीं त्याची शुश्रूषा करून त्यास जगविलें. पुढें बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातीं घेऊन त्यानें शपथ वाहिली, कीं चांचेगिरी, लोभ, क्रौर्य व अन्याय यांचा नाश करण्यांत मी आपलें आयुष्य वेंचीन, आणि माझ्यामागून माझे वंशज हेंच व्रत चालवितील. तेव्हांपासून बाप गेला कीं मुलगा तोच पोशाख व तोच मुखवटा धारण करितो. पाहणारास वाटतें, हा तोच जुना पुरुष. ज्याच्या साहसांच्या कथा आपण वाचतों, तो या मालिकेंतील एकविसावा.

येथें थोडें गणित करून पाहूं. १५३६ पासून १९३६ पर्यंत चारशें वर्षें होतात. तेवढ्या काळांत वीस वेताळ होऊन गेले. म्हणजे एकेकाच्या वांट्यास सरासरीनें वीसच वर्षें आलीं! लोकांच्या दृष्टीनें जो चारशें वर्षांचा अमर, तो वस्तुतः वीस माणसांचा बनलेला होता. आणि त्यांतील प्रत्येकाचा काळ एखाद्या शिक्षकाच्या नोकरीपेक्षांहि आंखूड होता. वेताळाच्या कवटीच्या आकाराच्या गुहेंत या पूर्वजांच्या कबरी आहेत. बाहेर एकच अमर पुरुष आणि आंत वीस कबरी! त्याच गुहेंत मोठमोठ्या वह्यांची रांग आहे. प्रत्येक वेताळ आपल्या हातानें आपली हकीकत लिहून ठेवितो, आणि पुढला ती वाचून शहाणा होतो. मुखवटा व आंगठ्या यांच्याइतकेंच, किंबहुना अधिक, मोल आम्ही या वह्यांना देतों. पोशाख घालणें एका क्षणाचें काम आहे. परंतु मागल्यानें कोठें ठेंच खाल्ली हें समजून घेण्यास वाचावें लागतें.

खुद्द ही चित्रकथाहि अशीच हातांतून हातांत गेली आहे. आरंभीं रे मूर यांनीं चित्रें काढिलीं, मग विल्सन मॅकॉय यांनीं, आणि १९६१ पासून १९९४ पर्यंत साय बॅरी यांनीं. ली फॉक १९९९ सालीं वारले. तथापि कथा थांबली नाहीं, दुसऱ्यांनीं ती पुढें लिहिली.

एवढी स्तुति केल्यावर त्या कथेचें वैगुण्यहि सांगितलें पाहिजे. वेताळाचा वारसा रक्तानें ठरतो. एका कथेंत वेताळ आजारी पडला असतां त्याची बहीण ज्यूली मुखवटा घालून काम निभावते. पण तेंहि तात्पुरतें. आणि ज्या अरण्यवासी लोकांनीं पहिल्यास मरणाच्या दारांतून परत आणिलें, त्यांच्या वंशजांचें काय? गुरन हा एकविसाव्याचा बाळपणापासूनचा सोबती. शूर, इमानी व शहाणा. तरी चारशें वर्षांच्या त्या परंपरेंत मुखवटा वारशानें गेला तो गोऱ्या पाहुण्याच्या घराण्यांतच. ज्यांचें अरण्य, त्यांच्याकडे राखणीचा मान नाहीं. ज्या काळांत गोरे लोक अर्ध्या जगावर राज्य करीत, त्या काळाची ही छाया आहे. वाचकांनीं ती ओळखूनच ही कथा वाचावी.

यापुढचें पाऊल दुसऱ्या एका कथेनें टाकिलें. ‘कॅप्टन अमेरिका’ हा वीर १९४१ सालचा. स्टीव्ह रॉजर्स नांवाचा एक किरकोळ अंगाचा तरुण औषधाच्या योगानें बलाढ्य होतो व ढाल घेऊन लढतो. २०१४ सालच्या कथांत त्या औषधाचा गुण नाहींसा होऊन तो एकाएकीं वृद्ध होतो, आणि आपली ढाल सॅम विल्सन या कृष्णवर्णी मित्रास देतो. २०१९ सालच्या चित्रपटांतहि वृद्ध स्टीव्ह बाकावर बसून सॅमच्याच हातीं ढाल ठेवितो, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. सॅम हा त्याचा मुलगा नव्हे, आप्तहि नव्हे. त्याच्या अंगांत तें औषधहि नाहीं. त्याची निवड झाली ती शीलावरून.

२०२१ सालीं दूरचित्रमालिकेंत या गोष्टीचा पुढील भाग आला, आणि तो विशेष मननीय आहे. एवढा मोठा मान आपणांस पेलवेल कीं नाहीं, या शंकेनें सॅम ढाल परत करितो. सरकार ती दुसऱ्या एका पदकधारी सैनिकास देतें. तोहि शूरच, पण रागाच्या भरांत तो त्याच ढालीनें एका शरण आलेल्या माणसाचा भर चौकांत जीव घेतो. ढाल तीच, पोशाख तोच. मात्र वारसा त्याला मिळाला नव्हता. शेवटीं सॅम ती ढाल पुन्हां हातीं घेतो.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस येथें एका जुन्या झग्याची आठवण होईल. एलीया संदेष्टा थकला, तेव्हां देवानें त्यास वारस दाखविला. तो कोठें सांपडला? शेतांत! बैलांचीं बारा जोतीं नांगर ओढीत होतीं, आणि बाराव्या जोताबरोबर अलीशा चालला होता. एलीयानें जातां जातां आपला झगा त्याच्या अंगावर टाकिला. अलीशानें आईबापांचा निरोप घेतला, बैलांची जोडी कापली, अवजारांच्याच लांकडांवर तें मांस शिजवून लोकांस जेवूं घातलें, आणि एलीयाच्या मागें गेला. ज्या घरीं बैल आहेत, त्या घरच्या मुलास याचा अर्थ फोडून सांगावयास नको. परतीची वाट त्यानें स्वतःच बंद केली. त्यानंतर त्यानें गुरूच्या हातांवर पाणी घालण्याची सेवा केली. एलीया वर घेतला जाण्याची वेळ आली, तेव्हां त्यानें झगा मागितला नाहीं. गुरूच्या आत्म्याचा दुप्पट वांटा मागितला. झगा त्याला मागाहून जमिनीवर पडलेला मिळाला.

त्याच ग्रंथांत याची दुसरी बाजूहि आहे. अलीशाचा सेवक गेहजी हा नित्य त्याच्याजवळ असे. पुढें हाच गुरूच्या जागीं बसेल, असें कोणासहि वाटावें. परंतु नामान सेनापतीचें जें धन अलीशानें नाकारिलें, तेंच गेहजीनें खोटें बोलून मागें जाऊन घेतलें, आणि त्याच्या वांट्यास कोड आलें. जवळ राहिल्यानें वारसा मिळतोच असें नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. जुन्नरचा शिवनेरी किल्ला आपल्यापासून दूर नाहीं. तेथें १६३० सालीं जन्मलेले शिवाजी महाराज १६८० सालीं रायगडावर निवर्तले. १६८९ सालीं संभाजी महाराजांचा औरंगजेबानें क्रूर वध करविला. १७०० सालीं राजाराम महाराज सिंहगडावर वारले. बादशहास वाटलें असेल, आतां मराठ्यांत कोण उरलें? ताराबाई उरल्या होत्या. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनीं चालविलेली लढाई त्यांनीं थांबूं दिली नाहीं. १७०७ सालीं बादशहाच दक्षिणेंत मेला. गादी घराण्यांत राहिली हें खरें. पण स्वराज्याचें व्रत किती तरी घरांनीं उचललें होतें, म्हणूनच गादीहि राहिली.

या सर्वांवरून आम्हांस जें सांगावयाचें तें असें. वारशांत दोन गोष्टी असतात: एक वस्तु व दुसरें व्रत. झगा, ढाल, मुखवटा, जमीन, दुकान या वस्तु होत. त्या मरणानंतर आपोआप पुढें जातात. तलाठ्याकडे नोंद होते, सातबाऱ्यावर नांव चढतें. व्रत असें चढत नाहीं. तें देणारानें जिवंतपणीं द्यावें लागतें आणि घेणारानें आपखुषीनें घ्यावें लागतें.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे, कीं हातपाय थकेपर्यंत सर्व सूत्रें आपल्याच मुठींत ठेवूं नयेत. वीस वर्षांच्या मुलास घरचा हिशेब कळूं द्यावा. कर्जाचा आंकडाहि कळूं द्यावा. १९७२ च्या दुष्काळांत घर कसें तगलें, विहीर कोणीं खणली, कोणता सौदा अंगलट आला, हें सांगावें. वेताळाच्या वह्या त्या ह्याच. आणि वारस मुलगाच असला पाहिजे, हा हट्ट सोडावा. ज्या मुलीस शेतीची वा धंद्याची खरी आवड आहे, तिच्या हातीं तीं कामें निःशंकपणें द्यावींत.

विद्यार्थ्यांस सांगणें एवढेंच, कीं तुमच्यापैकीं पुष्कळजण उद्यां चाकणला वा पुण्यास जातील. अलीशानेंहि शेत सोडिलें होतें. गांव सोडणें हा दोष नव्हे. परंतु ज्यांच्या कष्टांवर तुम्ही शिकलां, त्यांनीं कोणतें व्रत पाळिलें, हें न विचारतां जाऊं नका. एक वही घ्या. आजोबांना, आजीला विचारा, आणि त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. हें काम पुढल्या वर्षावर टाकूं नका. कारण सांगणारीं माणसें चित्रकथेंतलीं नाहींत, त्यांचें वय थांबत नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वेताळाचा वारसा व कॅप्टन अमेरिकेचा वारसा यांत मुख्य भेद कोणता? तुम्हांस कोणता अधिक न्याय्य वाटतो, व कां?

२. अलीशा आणि गेहजी या दोघांसहि गुरूचा सहवास लाभला. मग एकास वारसा कां मिळाला, व दुसऱ्यास कां नाहीं?

३. तुमच्या घरांतील एक वस्तु व एक व्रत, जीं मागल्या पिढीकडून आलीं आहेत, त्यांविषयीं दहा ओळी लिहा.