ती दिवसभर चित्रंच काढते

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची. यंदा शाळेतून काढून घरीच शिकवतोय. ती दिवसभर चित्रं काढते, गणिताची वही पाहिली की रडते. तिच्या कलानं घ्यायचं, तर पुढे दहावीचं काय?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, दहावीची वाट बंद झालेली नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर ती दहावीला बसू शकते. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे. त्यासाठी शाळेचा दाखला जपून ठेवा. नियम बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहाच.

कलानं घेणं म्हणजे सगळं तिच्यावर सोडून देणं नव्हे. गणित यायलाच हवं. ते कधी आणि कशातून, हे तिला ठरवू द्या. वही काही दिवस मिटून ठेवा. तिच्याच चित्रावर चौकटी आखून ते दुप्पट लांबी-रुंदीचं काढायला सांगा. एका चौकटीच्या जागी चार बसतात, हे तिला स्वतःला दिसू दे. भाजी घेताना पाव किलो गवारीचा हिशेब तिच्याकडे द्या. बोटं मोजत बसली तरी मध्येच उत्तर सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती.

एवढं करूनही साध्या बेरजा अडत असतील, तर बालविकासतज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. आणि संध्याकाळी तिला बरोबरीच्या मुलांत खेळायला रोज पाठवा.