गणेशखिंडीतील दगडी बंगला

यवतमाळकडे विहीर खणू लागले, की मातीखाली काळा पाषाण लागतो. तो तुम्ही पाहिलाच असेल. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून हा दगड तयार झाला. पुण्याचा दगडही याच जातीचा. पुण्याजवळ गणेशखिंडीत इंग्रजांनी अशा दगडाचा एक मोठा बंगला बांधला. चला, तो पाहू या.

हा बंगला मुंबई प्रांताच्या गव्हर्नरसाठी होता. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्यास येऊन राहत. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, 1864 साली, काम सुरू झाले. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेस पोहोचेना. त्यामुळे आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा खेळू लागला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. बंगल्याचे काम मात्र 1871 पर्यंत चालूच राहिले. एवढा खर्च कशासाठी, असे इंग्रजांनीही विचारले!

बंगल्याचा आराखडा जेम्स ट्रबशॉ यांनी केला. व्हिक्टोरिया राणीचा ऑस्बोर्न येथील वाडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता, असे सांगतात. गंमत पाहा, राणीच्या वाड्याच्या भिंती विटांच्या होत्या. त्यांना गिलावा देऊन दगडाचे रूप आणले होते. पुण्यात मात्र खरा दगड!

दुरून आधी उंच मनोरा दिसतो. जवळ गेलात, की कमानींच्या रांगा दिसतात. उर्दूत तुम्ही कमान म्हणजे धनुष्य समजता. मराठीत मात्र मेहराबीला कमान म्हणतात. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवतात. वरचा भार आला, की ते एकमेकांना घट्ट दाबतात, म्हणून कमान पडत नाही. काळा पाषाण फार कठीण असतो. त्याला असा आकार देताना पाथरवटाचे हात किती दुखत असतील! कमानींमागे सावलीचा व्हरांडा असतो. विलायतेत ऊन हवेसे वाटते; इथे ते अडवावे लागते. जाड दगडी भिंतही उशिरा तापते.

1949 साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि गव्हर्नरचा बंगला विद्यापीठाची मुख्य इमारत झाला. हा बंगला बांधला जात होता, तेव्हा सावित्रीबाई फुले पुण्यातच राहत होत्या. मुलींना शिकवायला जाताना लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकले होते. 2014 पासून या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.