बालकाचे नाव : मिलिंद



समजा, कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा गावी एका घरात मुलगा जन्मला आहे. ह्या कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. बारसे तोंडावर आले आहे. आजी म्हणते, आजोबांचेच नाव ठेवा. शेजारी म्हणतो, पंचांग पाहून राशीचे अक्षर काढा. आईबापांच्या मनात 'मिलिंद' हे नाव आहे. पण ते कोठून आले, त्याचा अर्थ काय, असे आजीने विचारले की दोघेही गप्प होतात. असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येतो. म्हणून आजच्या पाठात ह्या एका नावाचा अभ्यास करू.

पूर्वीची नावे

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला ही दोन्ही एकाच वेळी आली. कचरू, धोंडू, दगडू, भिका ही नावे आठवून पाहा. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे मात्र निंदादर्शक असावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्याच मनुस्मृतीचे दहन 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या सत्याग्रह परिषदेत झाले.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अशी सर्वच नावे वरून लादलेली नव्हती. पूर्वी मुले जगत नसत. नाव हलके ठेवले तर लेकराला दृष्ट लागणार नाही, मरण त्याच्याकडे वळणार नाही, अशा समजुतीने आयाबायाच ती नावे ठेवीत. आणि इतर जातींतही ठेवीत. ही समजूत धम्माला मान्य नाही. पण म्हणून आजोबांच्या नावाला कोणी हसू नये. लेकरू जगावे, एवढीच त्यामागे तळमळ होती.

नावाचे मूळ

मिलिंद हे पाली ग्रंथातील नाव आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होऊन गेला. ग्रीक लोकांना पालीत योनक, म्हणजे यवन, म्हणत. त्याची राजधानी सागल नगरी; ती आजच्या पाकिस्तानातील सियालकोटच्या जागी असावी, असे अभ्यासक मानतात. मिनँडरची नाणी पुष्कळ सापडली आहेत. त्यांच्या एका बाजूस ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपी आहे. काही नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्रही आहे. भारतीयांच्या तोंडी ह्या ग्रीक नावाचे 'मिलिंद' झाले.

संस्कृतात 'मिलिंद' ह्या शब्दाचा अर्थ भुंगा असाही आहे, आणि अनेक घरांत हे नाव त्याच अर्थाने ठेवतात. आपल्याला ह्याचे वावडे असण्याचे कारण नाही. फुलाचा रंग व गंध न बिघडवता भुंगा मध घेऊन जातो, तसे मुनीने गावात वावरावे, असा दृष्टांत धम्मपदाच्या पुष्पवर्गात आहेच. पण बौद्ध घरात मिलिंद म्हटले की प्रथम तो राजा आठवावा.

राजाने काय केले?

मिलिंद राजा वादविवादात पटाईत होता. त्याच्यापुढे कोणी पंडित टिकत नसे. अशा वेळी त्याची भेट भिक्खू नागसेनांशी झाली. त्यांची प्रश्नोत्तरे 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात आहेत.

आपल्या पाठाच्या दृष्टीने नवल असे की, हा संवाद नावावरूनच सुरू होतो. राजा विचारतो, भदन्त, आपले नाव काय? नागसेन सांगतात की, लोक मला नागसेन म्हणतात. आईबाप असे नाव ठेवतात, पण ते केवळ ओळखण्यापुरते असते. त्यामागे कायमचा असा कोणी आत्मा नाही. राजा गोंधळतो. तेव्हा नागसेन त्यालाच विचारतात, आपण पायी आलात की रथातून? रथातून, असे तो सांगतो. मग चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी राजाला 'नाही' म्हणावे लागते. हे सर्व भाग एकत्र जुळले म्हणजे आपण 'रथ' म्हणतो. माणसाचेही तसेच आहे.

ह्यातून आपण काय घ्यावे? ज्याला जन्माने कायमचे उच्च किंवा नीच म्हणतात असे माणसात काहीच नाही. कचरू नावाने कोणी कचरा होत नाही, आणि मिलिंद नावाने कोणी आपोआप ज्ञानी होत नाही. शील आणि विद्या ज्याची त्याने मिळवायची असते.

पुढच्या चर्चेआधी नागसेनांनी एक अट घातली. तुम्ही पंडितासारखे बोलणार असाल तर मी बोलेन, राजासारखे बोलणार असाल तर नाही. पंडित चूक दाखविली तर रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्यास दंड करतात. राजाने पंडितासारखे बोलण्याचे कबूल केले. हातात सत्ता असून तो प्रश्न विचारीत राहिला आणि पटले ते मान्य करीत गेला. मिलिंदाचा खरा मोठेपणा येथे आहे.

मराठवाड्यात हे नाव कसे रुजले?

निजामी राजवट 1948 मध्ये संपली, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती. 1950 मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याच्या परिसरास नागसेनवन हे नाव मिळाले. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही त्या भूमीवर शेजारी आले. खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेली मुले तेथे शिकली. त्यामुळे मराठवाड्यात 'मिलिंद' ह्या नावाशी शिक्षणाचा अर्थ जोडला गेला.

14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, विशाखा, संघमित्रा ही नावे बौद्ध घरांतून सर्वत्र ऐकू येऊ लागली. लोकप्रिय गायक प्रल्हाद शिंदे ह्यांचे नाव पुराणातले. त्यांच्या गायक पुत्रांची नावे आनंद आणि मिलिंद. एका पिढीत केवढा पालट झाला, हे ह्या एका घरावरूनही दिसते. मिलिंद हे नाव आज महाराष्ट्रात सर्व समाजांत आढळते. त्यावरून कोणाची जात ओळखता येत नाही, हेही चांगलेच आहे.

घरी काय करावे?

नामकरणास पंचांगाची किंवा राशीच्या अक्षराची गरज नाही. तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर सर्वांनी त्रिसरण-पंचशील ग्रहण करावे, आणि नावाचा अर्थ घरातील वडीलधाऱ्या माणसाने दोन वाक्यांत सर्वांना सांगावा. हा मान आजीला द्या. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करा. नोंदीच्या वेळी नाव ठरलेले नसेल तर ते एक वर्षाच्या आत विनाशुल्क लिहून घेता येते. दाखल्यावर, शाळेत आणि इतर कागदांवर नाव एकाच तऱ्हेने लिहिलेले असू द्या.

आणि एक सांगणे. ज्याचे नाव मिलिंद ठेवाल, तो पुढे प्रश्न विचारील. बाबा, दारू का पिता? ताईची शाळा का थांबविली? दीक्षा घेतली, मग घरात अजून हा नवस कशाला? त्या वेळी त्याला गप्प बसवू नका. राजासारखे नव्हे, पंडितासारखे उत्तर द्या. उत्तर नसेल तर चूक कबूल करा. तसे केले नाही तर बारशाच्या दिवशी आपण केवळ एक शब्द उच्चारला, असे होईल.

घरी चर्चेसाठी प्रश्न

1. नागसेनांनी रथाचा दृष्टांत कशासाठी दिला?
2. पंडिताचे बोलणे आणि राजाचे बोलणे ह्यांत फरक कोणता?
3. आपल्या घरातील प्रत्येकाच्या नावाचा अर्थ काय, आणि ते नाव कोणी ठेवले?