पाणी तोडू नका
प्रश्न : अर्धांगवायूनंतर आईची (वय ७२) उजवी बाजू लुळी आहे. लुगडं सोडेपर्यंत लघवी होते, म्हणून ती पाणीच पीत नाही. काय करू? – एक वाचक, घाटनांदूर

उत्तर : ताई, पाणी तोडल्याने लघवी दाट होते, जळजळते आणि घाई उलट वाढते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसा पाणी नीट द्या, झोपण्याआधी थोडं कमी करा. दर दोन-तीन तासांनी, लागण्याची वाट न पाहता बसवा. कमोड खुर्ची खाटेलगत, डाव्या हाताला. उठवताना लुळा हात मुळीच ओढू नका, खांदा सरकतो. पुढून उघडणारा गाऊन सोयीचा. घालताना उजवी बाही आधी, काढताना शेवटी. पण आईंना विचारूनच, लुगड्याची सवय जन्माची असते. खुर्चीसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना ३,००० रुपयांची तरतूद आहे, चौकशी करा. ताप आला किंवा लघवीत रक्त दिसलं तर लगेच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्या.